येमांजाला साकडं

वाल्देलिसीने कपड्यांच्या टबातल्या पाण्यात मूठभर मीठ टाकलं, हाताने ढवळलं आणि त्यावर पांढऱ्या पाकळ्या सोडल्या. फुलं चर्चच्या सजावटीतली होती; उरलेली म्हणून सुनेने नवऱ्याबरोबर चर्चहून परतताना घरी आणलेली.

समुद्र दोन गल्ल्या पलीकडे होता. खिडकीला गज, गजांपुढे शेजाऱ्यांची भिंत. मुलगा जेनिवाल्दो नव्या चर्चचा झाला तेव्हापासून आईची समुद्रदेवी येमांजा त्याला सैतान वाटू लागली होती. यंदा देवीच्या सणाला सगळं साल्वादोर शहर टोपल्या घेऊन किनाऱ्यावर लोटलं, आणि वाल्देलिसी घरात कोंडलेली. मुलगा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावी.

"मांडलंत परत?" जुसारा स्वयंपाकघरातून आली. "त्याने पाहिलं तर टब तुमच्या डोक्यावर ओतेल."

"ओतू दे. तेवढीच आंघोळ."

सून हसली नाही.

"जुसारा, दार उघड ना जरा. नुसतं पाणी बघून येते. त्याला नाही कळायचं."

"कशाने उघडू?"

"तुझ्या किल्लीने."

जुसारा झग्याला हात पुसत राहिली. हात कधीच कोरडे झाले होते.

"मला कधी दिली त्याने किल्ली?"

इतके महिने वाल्देलिसीला वाटत होतं, सून आपल्यावर पहाऱ्याला आहे. ती जरा बाजूला सरकली. जुसारा टबाशी बसली.

"आई, माझ्यासाठी मागाल काही?"

"तूच माग की. ती सगळ्यांचं ऐकते."

"माझ्या तोंडून नाही निघायचं."

"काय मागू?"

"आज त्याला यायला उशीर होऊ दे."

जेनिवाल्दो मासेमारीच्या बोटीवर होता. आधी नवरा आणि मग मुलगा लवकर परत यावा, एवढंच वाल्देलिसीने जन्मभर देवीकडे मागितलं होतं. तिने सुनेकडे पाहिलं. मग तिचा हात धरून पाण्यात बुडवला.

"ओदोया, आई," ती देवीचा जयघोष करत म्हणाली, आणि सुनेचं मागणं शब्दाला शब्द सांगितलं.

त्याची यायची वेळ झाली, टळून गेली. अंधारलं तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. जुसाराचं डोकं हळूहळू सासूच्या खांद्यावर कललं, श्वास संथ झाला.

तिला जाग येणार नाही इतक्या हलक्या आवाजात वाल्देलिसीने देवीला दुसरं साकडं घातलं: तो परतूच नये.