एकदम घेतलेला श्वास

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका मोठ्या सभागृहात बसला आहात. समोर मंचावर बँड आहे आणि धून आहे संध्याकाळची. एकेक वाद्य गप्प होत जातं, आणि प्रत्येक वाद्याबरोबर मंचावरचा एक दिवा मालवतो. शेवटी उरतात फक्त ट्रम्पेट. एकच सूर, लांबच लांब. नकळत तुम्हीही श्वास रोखून धरलाय. शेवटचा दिवा विझेपर्यंत हा सूर चालायचाय.

आणि सूर तुटतो.

विरत नाही, तुटतो. कात्रीने दोरा कापावा तसा.

दिवेवाल्याला वाटलं, संपलं. त्याने भसकन सगळे दिवे लावले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी दोन टाळ्या वाजवल्या आणि आजींनी त्यांचा हात घट्ट धरला. मग सगळ्यांना दिसलं, की मंचावर एक बाप आणि त्याची अकरा वर्षांची लेक ट्रम्पेट ओठांपासून दूर धरून, भूत दिसल्यासारखे एकमेकांकडे बघताहेत.

या लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी बसत नसे. बँडमध्ये ती आधी झांजा वाजवायची. ट्रम्पेटच्या खुर्चीवर बसायला मिळून तिला जेमतेम महिना झाला होता, आणि त्या खुर्चीसाठी तिने जिवाचं रान केलं होतं.

आता डोळे उघडा आणि एक करून बघा. मोठा श्वास घ्या आणि ‘ऊ’ असा आवाज काढत राहा. संपला ना? सगळ्यांचाच संपतो. मग ट्रम्पेटवाले एवढा लांब सूर धरतात कसा? वाटून घेतात. एकजण श्वास घेतो तेव्हा दुसरा फुंकत असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर अखंड आहे. नियम एवढाच, की शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही.

मध्यंतरात मागच्या खोलीत बँडमास्तर ढोलाच्या पेटीवर मटकन बसले. रागवायचंसुद्धा त्यांना सुचत नव्हतं.

“बेसूर झालेला सूर मी ऐकलाय,” ते म्हणाले. “चुकलेला ऐकलाय, घसरलेला ऐकलाय. पण चालता चालता गायब झालेला? देवाशपथ, आज पहिल्यांदा!”

“बाबा, तू सोडलास!” भिंगरीचा आवाज चिरकला.

“मी श्वास घेतला गं. मला वाटलं, तू धरलायस.”

“आणि मला वाटलं, तू!”

“गप बसा दोघं,” बँडमास्तर म्हणाले. “मी समोर उभा होतो. दोघांची पोटं एकदम पुढे आली. एकाच माणसाची असावीत तशी.”

“पण तालमीत असं कधीच झालं नाही,” बाबा म्हणाले.

“तालमीत डॉक्टर होते ना!”

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, तिसरे ट्रम्पेटवाले. जन्मभर लोकांच्या दाढा उपटल्या, आणि आज सकाळी त्यांचीच अक्कलदाढ उपटावी लागली. गाल सुजून भोपळा झालेला, फुंकणार काय? तालमीत हे दोघं एकदम थांबले, तरी डॉक्टरांचा सूर चालू असायचा. खड्ड्यावर फळी टाकलेली असावी तसा. वरून चालणाऱ्याला खड्डा कळणार कुठून?

हा खड्डा पडला कसा, तेही सांगतो. बाबा दिवसभर बस चालवायचे. संध्याकाळी घरी आले की बापलेक जमिनीवर पाठीला पाठ लावून बसत. बाबा सांगायचे, “खांदे उचलायचे नाहीत. श्वास खाली जाऊ दे. बादली कशी तळापासून भरते? तसा. आता माझी पाठ फुगतेय, कळतंय? तुझीही फुगव. सोडतोय मी, तूही सोड.” दोन वर्षं, रोज संध्याकाळी, तोच खेळ. भिंगरीचा श्वास इतका खोल झाला, की तिच्या आईला कौतुक वाटायचं. शिकवणी उत्तमच होती. फक्त, ‘आता माझ्याबरोबर घेऊ नकोस’ हे सांगायचं राहून गेलं होतं.

“मध्यंतर संपलं की आधी हीच धून परत वाजवायची,” बँडमास्तरांनी ठरवलं. “अर्ध्या ताटावरून कुणाला उठवून पाठवत नाहीत. पण सूर तुझ्याबरोबर,” ते बाबांकडे वळले, “क्लॅरिनेटवाला धरेल. भिंगरे, तू झांजा घे.”

“आजच्यापुरत्या?”

बँडमास्तर ढोलाच्या पेटीचा पट्टा आवळत बसले. भिंगरीला कळायचं ते कळलं.

“पाच मिनिटं द्या आम्हाला,” बाबा म्हणाले, आणि तिला बाहेरच्या बोळात घेऊन गेले.

“फुंक. मी मध्येच श्वास घेईन. तू घ्यायचा नाहीस.”

दोघं फुंकू लागले. बाबांनी श्वास घेतला. भिंगरीनेही घेतला.

“अगं!”

“मी नाही घेतला! तो आपोआप आला!”

पुन्हा केलं. पुन्हा तेच. बाबा पाठमोरे उभे राहिले आणि त्यांनी अगदी चोरून, आवाज न करता श्वास घेतला. तरीही तेच. भिंगरी स्वतःच्या पोटाकडे बघत राहिली. ते पोट तिचं ऐकतच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मग आता तू आधी घे,” बाबा थकून म्हणाले. “मी धरून ठेवतो. बघू तरी.”

भिंगरीने श्वास घेतला, आणि बोळात शांतता पसरली.

दोघांनी खाली बघितलं. बाबांचंही पोट पुढे आलं होतं.

“बाबा,” भिंगरी हळूच म्हणाली, “तूसुद्धा?”

बाबांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. वीस वर्षं ट्रम्पेट वाजवणारा माणूस, आणि त्याचा श्वास एक पोरगी ओढत होती! ते भिंतीला टेकले. “म्हणजे मी तुला शिकवत होतो, तेव्हा मीही तुझ्याबरोबर शिकत होतो…”

घंटा वाजली. मंडळी मंचावर जाऊ लागली. झांजा तिच्या जुन्या जागी, मागच्या स्टुलावर ठेवलेल्या होत्या. भिंगरीने त्या उचलल्या आणि खाली ठेवल्या. मग आपली खुर्ची बाबांच्या शेजारून ओढत ओढत मंचाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, थेट मोठ्या ढोलापलीकडे. खुर्चीचे पाय करकरले. धून सुरू करायला बँडमास्तरांनी काठी उचलली होती, ती हवेत तशीच राहिली.

“हे काय चाललंय?”

“इथून मला बाबा दिसत नाही,” भिंगरी म्हणाली. “त्यालाही मी दिसत नाही. क्लॅरिनेटकाकांना तयार राहू दे. मी चुकले तर त्यांनी धरावं.”

लोक बसले होते, दिवे मंद होत होते. वाद घालायला वेळ नव्हता. बँडमास्तरांनी क्लॅरिनेटवाल्याकडे बघून मान हलवली.

धून सुरू झाली. वाद्यं गप्प होत गेली. उरला एकच सूर आणि तीन दिवे.

एक दिवा मालवला. ढोलापलीकडे बाबांचा सूर थांबला. दिसत नव्हतं, तरी भिंगरीच्या पोटाला कळलं, आणि ते पुढे यायला धडपडलं. तिने होती नव्हती ती हवा बाहेर ढकलली. सूर थरथरला, जरा वरही चढला. क्लॅरिनेटवाल्याने वाद्य ओठांना लावलं. पण सूर तुटला नाही, आणि पलीकडून बाबा परत आले.

दुसरा दिवा मालवला. आता भिंगरीची छाती पार रिकामी झाली होती. श्वास घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने घेतला, आणि पलीकडे बाबांनीही घेतला, तर?

भिंगरीने डोळे मिटले, ट्रम्पेट ओठांपासून बाजूला केला आणि तळापासून वरपर्यंत श्वास भरून घेतला. पलीकडे बाबांचा सूर चालू होता.