यादीत नसलेली क्वेरी

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडून बारा दिवस झाले होते. वापरणाऱ्या लोकांनी इतकं कौतुक केलं होतं की धाकटी जरा हवेतच होती. म्हणूनच शनिवारी सकाळी आलेलं ते पत्र तिने वाचलं कमी आणि चाळलं जास्त.

धाकटी आणि दादा ही सख्खी भावंडं. आठवडाभर दोघं आपापल्या नोकरीत, आणि शनिवार-रविवार आईच्या घरातल्या मागच्या खोलीत. तिथून ती दोघं सात वर्षं एक टूल चालवत होती. डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांपैकी, म्हणजे क्वेरींपैकी, कोणत्या फार वेळ खातात याची यादी ते टूल दाखवायचं. ओपन सोर्स असल्यामुळे ते फुकट होतं, आणि आतला कोड कुणीही बघावा.

पत्र एका रक्तपेढीतून आलं होतं. तिथले संगणक एकहाती सांभाळणाऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं: 'तुमचं अपडेट टाकल्यापासून आमचे स्क्रीन दर मिनिटाला वीस सेकंद गोठतात. पिशवीचा नंबर जुळवल्याशिवाय रक्त देता येत नाही आणि खिडकीबाहेर पेशंटचे नातेवाईक उभे असतात. तुमची यादी मात्र कोरी दिसते. डायरेक्टर मॅडमना वाटतं की गोंधळ माझाच आहे. मला काढून बाहेरची एजन्सी नेमायची का, यावर आज दुपारी तीनला बैठक आहे.'

धाकटीने दोन ओळींत वाटेला लावलं: 'यादी कोरी असेल तर दोष डेटाबेसचा नाही. हार्ड डिस्क तपासा.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'डिस्क मागच्या आठवड्यातच बदलली. आता काय तपासू, तेवढं सांगा.'

त्या वाक्यात ना राग होता ना तक्रार. तेच तिला लागलं. तिने नंबर मागून फोन लावला.

"अपडेटनंतर सुरू झालं म्हणता, मग आमच्या टूलवर संशय नाही आला?" तिने विचारलं.

"पहिल्याच दिवशी आला, मॅडम. पण तुमच्या यादीत तुमचं नाव नव्हतं ना. सहा वर्षं तिच्या भरवशावर काम केलंय. म्हटलं, आपलंच कुठेतरी चुकत असणार."

"एक करा. आमची यादी बाजूला ठेवा. डेटाबेस स्वतः जी नोंद ठेवतो, ती थेट पाठवा."

नोंद आली. सगळ्यात वरच्या ओळीतली क्वेरी दर मिनिटाला एकोणीस सेकंद घेत होती, आणि तिच्या सुरुवातीला भावंडांच्याच टूलची खूण होती.

टूल स्वतः डेटाबेसला ज्या क्वेरी विचारतं त्या यादीत दाखवायच्या नाहीत, ही युक्ती धाकटीचीच. यादी स्वच्छ दिसावी म्हणून पहिल्याच वर्षी तिने ती केली होती.

"दादा, नव्या आवृत्तीत डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलाचं आकारमान मोजायचं तू घातलंस ना?"

"मोजायला कितीसा वेळ लागतो? आपल्याकडे चाळीस टेबलं, पापणी लवायच्या आत होतं."

"यांच्याकडे चार हजार आहेत. कुणीतरी रोजच्या नोंदींना रोज नवं टेबल केलंय. अकरा वर्षं."

"रोज?" दादाने कपाळावर हात मारला. "माणूस रोज दाढी करत नाही!"

"तुला बघून कळतंच आहे ते. दुरुस्ती करायला घे."

मग तिने फोनवर टूल बंद करायला सांगितलं. पलीकडचे गृहस्थ घड्याळाकडे बघत मिनिटं मोजत राहिले. एक, दोन, पाच. स्क्रीन एकदाही गोठला नाही. सहाव्या मिनिटाला त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की धाकटीशेजारी बसलेल्या दादालाही तो ऐकू गेला.

दोन वाजेपर्यंत दुरुस्ती तयार झाली. सोबतच्या निवेदनात दादाने टाईप केलं: 'किरकोळ सुधारणा.'

"हे किरकोळ?"

"अगं, सगळे असंच लिहितात. सात वर्षांची अब्रू आहे. त्याचं काम झालं, गप्प बसावं."

"त्याचं काम तीनला आहे, दादा. आपणच 'किरकोळ' म्हटलं तर मॅडम त्याचं काय ऐकणार?"

खुर्ची मागे सरकवून दादाने कीबोर्ड तिच्यापुढे ढकलला. तिने लिहिलं: 'मागच्या आवृत्तीमुळे मोठे डेटाबेस अडून बसतात. आमच्या टूलच्या क्वेरी आम्हीच यादीतून लपवल्या होत्या, म्हणून कारण सापडत नव्हतं. चूक पूर्णपणे आमची आहे.'

ते प्रसिद्ध झाल्यावर तिने रक्तपेढीच्या गृहस्थांना सांगितलं, "बैठकीत मला फोन लावा."

तीनच्या बैठकीत डायरेक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं टूल फुकट आहे. मग हे सगळं अंगावर घेऊन तुम्हाला काय मिळतं?"

"काही नाही, मॅडम. पण तुमचा माणूस बारा दिवस जे शोधत होता, ते मीच लपवून ठेवलं होतं."

पलीकडे कुणीतरी खाकरलं. फोन बंद झाला.

पावणेचारला पुन्हा वाजला. "ताई," सकाळपासून तिला 'मॅडम' म्हणणारा आवाज म्हणाला, "राहिलो. एजन्सीचा विषय बंद."

"वा! बरं झालं!"

"पण..." ते अडखळले. "तुमचं टूल आजच काढून टाका, असा हुकूम आहे. इतक्या वर्षांची सवय हो, मलाच कसंतरी होतंय."

"दुरुस्त केलंय म्हणावं की!" दादा मागून ओरडला. धाकटीने त्याला हातानेच गप्प केलं.

"बरोबर आहे मॅडमचं. काढा," ती म्हणाली.

"काढायचं कसं? तुमच्या पुस्तिकेत कुठे सापडेना."

ते तिथे नव्हतंच. टूल कसं बसवायचं यावर दोघांनी चौदा पानं लिहिली होती. ते कुणाला काढावंसं वाटेल, हे भावंडांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी सांगते. स्क्रीनसमोर बसलात?"

"बसलो."

"घाई करू नका. आधी, आमच्या नावाने डेटाबेसमध्ये जो युजर आहे ना, त्याचे अधिकार काढून घ्या."

तिने पुढची पायरी सांगितली, मग त्यापुढची. दादाने पुस्तिकेत पंधरावं पान उघडलं आणि ती बोलेल ते टाईप करायला लागला.