प्रत्येक शिवेवर गाडी थांबली

माझा भाचा सोमवारी दुपारी सांगलीत जन्मला आणि दिवस मावळायच्या आत आबांनी त्याची पाचवी आमच्या घरी, साताऱ्याजवळच्या गावी, करायचं ठरवून टाकलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पाचवीही माहेरीच. वहिनीच्या आईनं, अंबूबाईंनी, पूजेसाठी पाटा-वरवंटा धुऊन ठेवलासुद्धा होता. पण मुलगा झाला होता ना!

माझे आबा म्हणजे सुभेदार हंबीरराव. फौजेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी घरात हुकूम त्यांचाच. "सटवाई पोराचं नशीब लिवायला येणार, ती आपल्या दारात यीऊ दे. दुसऱ्याच्या घरात कशाला?" असं ते फोनवर म्हणाले आणि फोन ठेवला. दादाची, म्हणजे ऋषिराजची, रजा संपत आली होती. शनिवारी पहाटे त्याला पलटणीत परत जायला निघायचं होतं. त्यामुळं त्यालाही ते पटलं. पूजावहिनीला कुणी विचारलंच नाही. मला बोलावलं, कारण बाळंतिणीसोबत बाईमाणूस हवं आणि मी साताऱ्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे मी घरातली अर्धी डॉक्टर, असं आबाच चारचौघांत मिरवायचे.

गुरुवारी सकाळी घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बाळाला खिडकीच्या उजेडात धरलं. "थोडी कावीळ दिसतेय. बऱ्याच बाळांना होते, घाबरू नका. पण उद्या रक्त तपासायला आणा. वाढली तर दिव्याखाली ठेवावं लागेल. लांबचा प्रवास आत्ता नको."

"आमच्या साताऱ्यात दवाखानं न्हाईत व्हय?" आबा हसून म्हणाले.

"आहेत की. मग उद्या तिथं नक्की दाखवा."

आबांनी मान डोलावली. मी त्यांना मान डोलावताना पाहिलं, म्हणून सांगते.

अंबूबाईंच्या घरी निघण्याआधी बाळाची आंघोळ झाली. त्यांचे यजमान जन्मभर सांगलीच्या हळदीच्या बाजारात राबलेले. त्या घरात हळद कधी विकत आणलेली नाही आणि कधी मोजूनमापून वापरलेली नाही. डाळीचं पीठ, साय आणि मूठभर हळद घेऊन त्यांनी नातवाला डोक्यापासून तळपायापर्यंत चोळलं. पोरगं नुसतं पिवळंधमक दिसायला लागलं. त्यांना वाटलं, लेकीच्या सासरी निघालेलं लेकरू असंच दिसावं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जे होतं त्यातलं सगळ्यात चांगलं लावलं. शिवाय दोन भाकऱ्याही बांधून दिल्या, वाटेत बाळावरून ओवाळून टाकायला.

दादा गाडी चालवत होता, शेजारी आबा. मागं वहिनी, तिच्या मांडीवर कुंचीतलं बाळ आणि मी. सांगली सुटली आणि पहिल्या गावाच्या शिवेवर आबांनी हात वर केला. गाडी थांबली. मी भाकरीचा तुकडा बाळावरून ओवाळला आणि काचेतून बाहेर टाकला. पुढं ओढा आला, पुन्हा थांबलो. तासगावच्या अलीकडं थांबलो, पलीकडं थांबलो. प्रत्येक शिवेवर आबा खाली उतरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचे, जसं काही कुणी नातवावर टपूनच बसलंय. "घाई करू नगंस," ते दादाला म्हणायचे. "लेकराचा परवास हाय."

तासगाव सोडल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "संयोगिताताई, हा दूध वढतच न्हाई. सकाळपासनं निसता झोपतोय."

मी कुंची सोडली. तळपायाला टिचकी मारली. बाळानं पाय आखडला, कुरकुरलं आणि पुन्हा झोपलं. वर्गात आम्हाला शिकवलंय, बाळाच्या कातडीवर बोट दाबून बघायचं. बोटाखाली पिवळं दिसलं की समजायचं. मी कपाळावर दाबलं, छातीवर दाबलं, मांडीवर दाबलं. सगळीकडं पिवळंच. पण हळदीनं माखलेल्या पोराची कातडी काय सांगणार? मग मी त्याची पापणी वर केली. डोळ्यात तर अंबूबाईंनी हळद घातली नव्हती. बुबुळाभोवतीचं पांढरं लिंबाच्या सालीसारखं पिवळं झालं होतं.

"आबा, विट्यात दवाखान्यात थांबू या. डोळे पिवळे झालेत. कावीळ वाढलीय."

"हळद हाय ती."

"डोळ्यात हळद कशी असेल?"

"आंगूळीच्या वक्ताला गेली आसंल. दोन वर्सं कालिजात गेली अन् लागली मोठ्यास्नी शिकवायला." त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "उद्या पाचवी हाय. पोराला दवाखान्यात घालून बसू व्हय? परवा बगू."

विटा आलं. रस्त्याला लागूनच मुलांच्या दवाखान्याची पाटी होती. दादानं गाडी हळू केली आणि आबांकडं पाहिलं. सीमेवर बंदूक घेऊन उभा राहणारा माझा भाऊ!

"चल," आबा म्हणाले.

दादानं गिअर टाकला.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. चार दिवसांची बाळंतीण, सासऱ्यापुढं काय बोलणार? तिनं ते माझ्यावर सोपवलं होतं. आणि मी गप्प बसले. दाराची कडी माझ्या हाताशी होती. मला ओरडता आलं असतं, रडता आलं असतं, भर चौकात उतरून तमाशा करता आला असता. मी मनात म्हटलं, कदाचित आबांचंच बरोबर असेल. हे मी मानलं नव्हतं. मला फक्त भीती वाटली होती, त्यांच्या आवाजाची, दुसरं काही नाही.

विट्याच्या पुढच्या शिवेवर गाडी थांबली. आबा म्हणाले, "ववाळ की तुकडा." मी ओवाळला.

घरी आईनं दारात ओवाळलं, पाण्याचा तांब्या पायावर रिता केला. शुक्रवारी पाचवीची म्हणून पुन्हा हळदीची आंघोळ झाली. "आज साताऱ्याला नेऊन आणू," मी आईला म्हटलं. ती म्हणाली, "आदी पूजा हूं दे बाई. आज शिव वलांडायची न्हाई लेकरानं." संध्याकाळी पाट्यावर सटवाई मांडली, तिच्यापुढं कोरा कागद आणि दादाचं पेन ठेवलं. शेजारच्या हरणाबाई बाळाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "लय गुणी लेकरू गं! रडणं न्हाई, काय न्हाई." सगळ्या बायकांनी मान डोलावली. तो रडायच्या पलीकडं गेला होता आणि आम्ही त्याला गुणी म्हणत होतो.

शनिवारी दादा पलटणीकडं निघून गेला आणि दोन तासांनी बाळ किंचाळलं. तसं किंचाळणं मी कधी ऐकलं नव्हतं. पाठीची कमान झाली, मान मागं गेली. आता मात्र साताऱ्यापर्यंत आबांनी गाडी कुठल्याच शिवेवर थांबू दिली नाही.

तिथं त्याच्या अंगातलं रक्त बदललं. बारा दिवस तो काचेच्या पेटीत, निळ्या उजेडाखाली होता. वाचला. "एक दिवस आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. नुसता एक दिवस. आबा व्हरांड्यात उभे होते, त्यांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही आणि मीही त्यांच्याकडं नाही.

चार महिन्यांनी कानांची तपासणी झाली. कावीळ डोक्यात गेली होती, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. मान अजून धरत नाही, त्याचं पुढं बघू म्हणाले. घरी आल्यावर आबा ओसरीवर बसले आणि म्हणाले, "सटवाईनं लिवलं हुतं. तिथं कुनाचं काय चालतंय?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा आबांना सुनावलं. म्हटलं, "मुलगी झाली असती तर तिला आज ऐकू आलं असतं. तिला तुम्ही चौथ्या दिवशी आणायला गेलाच नसता. सांगलीत राहिली असती, दिव्याखाली दोन दिवस झोपली असती आणि बरी झाली असती. मला बघायला तुम्ही अडीच महिन्यांनी आला होता आबा, म्हणून माझे कान शाबूत आहेत."

आई म्हणाली, "गप बस." मी गप्प बसले. सवय आहे मला.

राहिलेलं बारसं दादाच्या रजेत केलं. कानांचं कुणाला सांगायचं नाही, असा आबांनी दम भरला होता. दारात हलगी लावली होती. सगळं अंगण दणाणत होतं आणि पाळण्यात तो डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होता. पाहुणे कौतुकानं म्हणाले, "सुबेदार, नातू दचकत सुदीक न्हाई!" आबा म्हणाले, "फौजीचं रगात हाय." वहिनी उठून आत गेली.

नाव ठेवायचा मान आत्याचा. मी पाळण्यात वाकले. बायका माझ्या पाठीमागं दाटीनं उभ्या राहिल्या. आबांनी नाव ठरवलं होतं, दिग्विजय. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. पण नाव नाही सांगितलं. म्हटलं, "बाळा, विट्यात मी गप्प बसले." तो माझ्या हलणाऱ्या ओठांकडं बघून हसला.

मग मी मोठ्यानं कुर्रर्र केलं आणि रिवाजाप्रमाणं बायकांनी हसत हसत माझ्या पाठीत धपाटे घातले. हळूच घातले, गमतीनं. मी पाळण्याची दोरी घट्ट धरून तशीच वाकून राहिले.

"मारा की," मी म्हटलं. "जोरात मारा."