पारण्याची घंटा

नित्याचा पाठ पुरा होईपर्यंत कुमुदिनीताई फोनला शिवत नसत. त्या दिवशी साडेदहाला त्यांनी फोन हातात घेतला आणि लगेच सुनेला हाक मारली. पारण्याची घंटा वाजलीच नव्हती.

काल निर्जला एकादशी झाली. पारण्याची वेळ सकाळी सहा दहा. ताईंच्या भजनी मंडळातल्या चाळीसजणींच्या फोनवर त्या वेळी घंटा वाजावी, अशी सोय सून राजसीनं महिनाभर खपून केली होती.

"लॅपटॉपवर रोज बरोब्बर वाजत होती हो, आई!" राजसीनं स्क्रीन वरखाली केला आणि कपाळावर हात मारला. "इथं चालवून बघताना ते ॲप आपल्या लॅपटॉपचं घड्याळ बघत होतं. वर क्लाउडमध्ये, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, घड्याळ साडेपाच तास मागं. तिथले सहा दहा म्हणजे आपले अकरा चाळीस."

"मग आत्ताच वाजव ना!"

"माझ्या हातात नाही. सर्व्हर ज्यांनी दिलाय, त्या उल्हासनगरच्या धर्मेशभाईंच्या खात्यावरून चालतंय. फोन उचलत नाहीयेत."

बाकीच्यांचं ठीक होतं, भिंतीवर कॅलेंडर होतं. पण बनूबाई? वय अठ्ठ्याहत्तर, साखरेचा आजार, बदलापूरच्या पुढं वाडीतलं शेवटचं घर. वीस वर्षं त्या अंबरनाथला भाजी घेऊन यायच्या. "ताय, मना वाचता येत नाय," म्हणाल्या, तेव्हा ताईंनीच बजावलं होतं, "कुणी काही सांगो, मी सांगितलं तरी ऐकू नका. घंटा वाजल्याशिवाय पाणी नाही."

त्यांचा नातू महेश कंपनीत कामाला. गेटवरच फोन जमा करून घेतात.

ताईंनी बनूबाईंना फोन लावला. उचलला गेला, पण आवाज नाही. पारण्यापर्यंत त्यांचं मौन असायचं.

"बनूबाई, मी कुमुदिनी. वेळ कधीच होऊन गेली. पाणी प्या हो!"

पलीकडे नुसता श्वास, कोरडा, धापेचा.

"माझी चूक झाली. माझ्या गळ्याची शपथ, प्या!"

श्वास तसाच. त्या ताईंचंच ऐकत होत्या, आधीचं.

"राजसी, लॅपटॉपवरची वाजव," म्हणत ताईंनी फोन स्क्रीनशी धरला. घंटा वाजली. टण्. टण्. पलीकडे काहीतरी सरकलं, मग तांब्या फरशीवर पडल्याचा आवाज आला. पाणी सांडलं असावं. मग श्वासही ऐकू येईना.

"बनूबाई? अहो बनूबाई?"

चपला घालायचं भान राहिलं नाही. राजसीला धर्मेशभाईंच्या आणि महेशच्या कंपनीच्या मागे लावून ताई रिक्षात बसल्या. वाटभर देवाचं नाव घ्यायला ओठ हलत होते, नाव काही येत नव्हतं.

बदलापूर मागं पडलं, तेवढ्यात मांडीवरच्या फोनमध्ये घंटा वाजू लागली. अकरा चाळीस. टण्. टण्. मंजूळ, खणखणीत, बंद करता येईना.

रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं आणि एक हात छातीशी नेला. "उन्हातान्हात देवाचा आवाज. बरं वाटतं, मावशी."

"जरा जोरात घ्या," ताई एवढंच म्हणाल्या.