नाल्यापलीकडे तुरळक वस्ती

आकडा शोधून देणं हा माझा धंदा. सरकारी आकडा मिळत नाही, किंवा मिळतो पण पटत नाही, अशी माणसं आमच्या माहिती केंद्रात येतात. अमक्या भागात लोक किती, बायका किती, पाच वर्षांखालची मुलं किती, असं विचारतात. मग मी विद्यापीठांचे अहवाल, सेवाभावी संस्थांच्या पुस्तिका, परदेशी संस्थांचे तक्ते, असेल नसेल ते धुंडाळतो आणि त्यांना एक आकडा देतो. सव्वीस वर्षं हेच करतोय. बायको म्हणते, हा माणूस स्वतःचं वयसुद्धा दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय सांगणार नाही.

नवशिक्यांना मी एक नियम शिकवायचो. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी एकच आकडा सापडला, की तो खरा धरा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो आणि खाली दोन रेघा मारायचो. त्या नियमाचा मला फार गर्व होता. हल्ली त्या फळ्यासमोरून जाताना मी दुसरीकडे बघतो.

माझी थोरली बहीण दगडखाणीमागच्या वस्तीत नर्स होती. तिथे एका विश्वस्त संस्थेची बाळंतखोली होती. दोन खाटा, एक वजनकाटा, पाणी तापवायचं एक पातेलं आणि ताई. सगळ्यात जवळचं इस्पितळ तीन तासांवर, तेही खाणीचा ट्रक मिळाला तर. संस्थेने नवा नियम काढला, की जिथे लोकसंख्या अडीच हजारांच्या खाली, तिथली खोली बंद. नियम कळला त्याच दिवशी ताई माझ्या ऑफिसात येऊन उभी राहिली.

"मोजणीदार," ती म्हणाली. लहानपणी मी पायऱ्या मोजत जिना चढायचो, तेव्हापासून तिने मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. "त्यांच्या कागदावर आमची माणसं अठराशे साठ आहेत. मी वर्षाला नव्वद बाळंतपणं करते रे. अठराशे साठ माणसांत नव्वद? आम्ही काय उंदीर आहोत?"

"सरकारी आकडा काय म्हणतो?"

"सरकारच्या कागदावर तिथे नुसती खाण आहे. माणसंच नाहीत."

"मग माझ्यावर सोड. एका महिन्यात बिगरसरकारी, पण कोणी बोट ठेवणार नाही असा आकडा तुझ्या हातात देतो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ताई मात्र लगेच हसली. माझ्यावर तिचा भारी विश्वास. जाताना तिने माझ्या टेबलावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि म्हणाली, "आकडे सांभाळतोस, टेबल नाही सांभाळता येत."

पहिल्या आठवड्यात मी चार ठिकाणं पाहिली. विद्यापीठाचा वस्त्यांवरचा जाड अहवाल, पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेची पुस्तिका, एका परदेशी संस्थेचा तक्ता आणि एका वृत्तपत्राचं वार्षिक. चारही ठिकाणी अठराशे साठ. माझ्या नियमाप्रमाणे ताईच चुकीची होती. खरं सांगतो, तिला हे कसं सांगायचं याचीच मी तयारी करू लागलो. मग अहवालांच्या तारखांकडे लक्ष गेलं. पहिला सोळा वर्षांपूर्वीचा, शेवटचा गेल्या वर्षीचा. म्हणजे पंधरा वर्षांत त्या वस्तीत ना कोणी जन्मलं, ना कोणी मेलं. माणसं होती की खाणीतले दगड?

घोडं कुठे पेंड खातंय ते तळटिपांत सापडेल हे मला ठाऊक होतं. वृत्तपत्राने आकडा परदेशी तक्त्यातून घेतला होता. तक्त्याने पाणीवाल्यांच्या पुस्तिकेतून. पुस्तिकेने विद्यापीठाच्या अहवालातून. आणि विद्यापीठाच्या अहवालात, पान दोनशे सातच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, "क्षेत्रपाहणी, माहिती केंद्र". म्हणजे आम्ही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या पाहणीचा फॉर्म आमच्याच कपाटात, खालच्या कप्प्यात निघाला. सतरा वर्षांपूर्वीचा. अक्षर माझं. "घरे ३७२, दर घरी सरासरी ५, एकूण १८६०." आणि शेऱ्याच्या रकान्यात, "नाल्यापलीकडे तुरळक वस्ती."

मला तो दिवस लख्ख आठवला. वस्तीच्या मधून नाला जातो, त्यावर एक फळी टाकलेली असते. अलीकडची घरं मी दारोदार जाऊन मोजली होती, एकही चुकवलं नव्हतं. फळीपाशी आलो तर पलीकडच्या टोकाला एक पिवळं कुत्रं उभं होतं. ते भुंकलं. मला कुत्र्यांची भीती वाटते, अजूनही वाटते. मी मागे फिरलो आणि चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, पलीकडे काय आहे? तो कप विसळत म्हणाला, "असतील दोन-चार घरं." मी तुरळक लिहिलं आणि खाणीचा चारचा ट्रक पकडला. तेव्हा ताईची तिथे बदली व्हायला अजून पाच वर्षं होती.

मला इतकी लाज वाटली, की मी कपाटाचं दार लावून तसाच जमिनीवर बसून राहिलो. शिपाईमामांनी विचारलं, "साहेब, काही पडलं का?" मी म्हणालो, "हो, शोधतोय."

उरलेल्या तीन आठवड्यांत मी वस्ती पुन्हा मोजली. वरातीमागून घोडं, पण दुसरं काय करणार? रोज दुपारी ताई सोबत यायची. का मोजतोय ते तिला माहीत होतं, पहिला आकडा कोणाचा ते मी सांगितलं नव्हतं. पलीकडे कोणी दार उघडेना. "मागे मोजायला आले आणि मग घरांची अर्धी ओळ पाडली," एक म्हातारा म्हणाला, "आता आम्ही तिघंच आहोत असं लिहा." त्याच्या मागे चपलांचे सात जोड दिसत होते. मग ताई पुढे व्हायची आणि आत बघून हाक मारायची, "अगं, तुझा उलटा आलेला कुठाय? चालतो का नीट?" आणि दार सताड उघडायचं. बायका मुलांना पुढे ढकलून दाखवायच्या. प्रत्येक मुलाचं जन्माचं वजन ताईला तोंडपाठ होतं. मी नुसता लिहीत होतो.

घरं निघाली सहाशे बारा. माणसं दोन हजार आठशे चौऱ्याहत्तर. त्यातली हजाराच्या वर नाल्यापलीकडे. ताईच्या जन्मवहीशी आणि दफनभूमीच्या रखवालदाराच्या वहीशी मी आकडा ताडून पाहिला. नव्वद बाळं आता हिशेबात चपखल बसत होती. आयुष्यात इतकं स्वच्छ काम मी केलं नव्हतं.

विश्वस्तांच्या बैठकीत लांब टेबल होतं. चिटणीसबाई माझ्याच हाताखाली शिकलेल्या, अजून मला सर म्हणतात. त्यांनी माझे कागद आदराने वाचले, मग स्वतःची फाइल उघडली.

"सर, आमच्याकडे चार ठिकाणचा आकडा आहे. चारही अठराशे साठ म्हणतात. तीन ठिकाणी एकच आला की खरा धरा, हे तुम्हीच शिकवलंत."

"त्यांचा एकमेकांशी संबंध नसेल तर."

"आहे का संबंध?"

टाळता आलं असतं. ताईसाठी तरी टाळायला हवं होतं, असं बायको अजून म्हणते. पण तळटीप दाखवल्याशिवाय तो आकडा खोटा पडणार नव्हता. मी जुना फॉर्म टेबलावर ठेवला. "ती चार ठिकाणं नाहीत. एकच आहे, आणि ते म्हणजे मी. नाल्यापलीकडची वस्ती मी मोजलीच नव्हती."

मग टोकाला बसलेले वयस्कर विश्वस्त, डॉक्टर, चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "म्हणजे तेव्हा तुम्ही न मोजता लिहिलंत."

"हो."

"मग आता मोजून लिहिलंत कशावरून? त्यातून तुमची बहीण तिथे नोकरीला आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी जन्मवही पुढे केली. ती बहिणीनेच लिहिलेली, डॉक्टर म्हणाले. रखवालदाराची वही पुढे केली. त्यावर सहीशिक्का नव्हता. मी म्हणालो, तुमचा माणूस पाठवा, मी खर्च देतो. चिटणीसबाई खाली बघत म्हणाल्या, "सर, पुढचं अंदाजपत्रक सोमवारी जायचंय." त्या वाईट नव्हत्या. कोणीच वाईट नव्हतं, त्यामुळे भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही. एक तारखेपासून खोली बंद, असं ठरलं.

ताई खोलीच्या पायरीवर बसून रबरी चादरी धूत होती. निकाल तिला माझ्या चेहऱ्यावरून कळला. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. फॉर्म, टपरीवाला, फळी, कुत्रं. तिचे हात पाण्यातच थांबले.

"चावलं का तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"भुंकलं."

"नुसतं भुंकलं?"

मी मान हलवली. ती मला रागावली असती, दोन लगावून दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने चादर पिळली, झटकली आणि दोरीवर नीट चारही कोपरे जुळवून टाकली. म्हणाली, "जेवून जा." त्यानंतर तिने मला मोजणीदार म्हटलं नाही. आता ती मला माझ्या नावाने हाक मारते, आणि दर वेळी मला वाटतं की ती दुसऱ्याच कोणाशी बोलतेय.

पुढचं मला ताईकडून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. पहिल्या वर्षी एक बाई ट्रकमध्येच दगावली, इस्पितळ अर्ध्या तासावर असताना. बाळही गेलं. मग सातवा महिना लागला की बायका इस्पितळाजवळच्या नातेवाइकांकडे जाऊ लागल्या. काही बाळ घेऊन परत आल्या, काहींचे नवरेच तिकडे गेले. तरणी माणसं गेली तशी शाळा दोन वर्गांची झाली, आणि शाळा गेली तशी आणखी माणसं गेली. ताई मात्र राहिली. बोलावलं तिथे जायची, औषधांविना, नुसत्या हातांनी.

चार वर्षांनी विद्यापीठाला अहवालाची नवी आवृत्ती काढायची होती. त्यांनी आमच्या केंद्राकडे वस्तीचा ताजा आकडा मागितला. मी दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही. ताई अलीकडच्या ओळींत माझ्यासोबत फिरली. फळीपाशी आल्यावर थांबली. गुडघे दुखतात म्हणाली.

"पलीकडचं तू बघून ये," ती म्हणाली.

मी एकटा गेलो. तिकडे काहीच भुंकलं नाही. दारांना कुलपं होती, काही दारांना कुलपंही नव्हती. ज्या म्हाताऱ्याने तिघंच लिहा म्हटलं होतं, त्याच्या घरात आता तो एकटाच होता. मी प्रत्येक दार वाजवलं, प्रत्येक खिडकीतून डोकावलो, माणसाऐवजी मांजर दिसलं तरी आत जाऊन खात्री केली. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंची बेरीज झाली. अठराशे त्र्याहत्तर.

खोलीच्या बंद दारासमोरच्या पायरीवर बसून मी फॉर्म भरला. ताई शेजारी होती. तिने आकडा वाचला. शेऱ्याचा रकाना राहिला होता. मी बराच वेळ दुसरे शब्द शोधले, पण जे डोळ्यांनी बघितलं होतं त्याला तेच शब्द लागू पडत होते. शेवटी लिहिलं, "नाल्यापलीकडे तुरळक वस्ती."