उतरा नावाचं वळण

तेवोल्देने काट्यावरच्या पोत्यातून तीन संत्री काढली, डोळे बारीक करून आकडा पाहिला आणि त्यातलं एक परत टाकलं.

"चोवीस किलो. बांध."

त्याचा मेहुणा किफ्ले सुतळी घेऊन उभा होता. डोंगराखालच्या गिंदातली ही बाग त्याची, संत्री त्याचीच, आणि वार्षिक जत्रा आटोपून परत निघालेल्या बहिणीच्या गाडीत चार पोती भरून द्यायला त्याची काहीच ना नव्हती. पण हा प्रकार त्याच्या डोक्यावरून जात होता.

"दाजी, पोतं गच्च भरा की. मी काय मोजून देतोय का तुम्हाला?"

"गच्च नको. चोवीसच."

"आणि ते पलीकडचं?"

"अठ्ठावीस. हे एकोणीस. छोटं पंधरा."

"अस्मारातले लोक सगळेच असे झालेत, का तुम्ही एकटेच?"

तेवोल्दे हसला नाही. रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस काट्यापुढे हसत नाही. त्याने पोती एकेक करून आपल्या इटालियन बनावटीच्या सेइचेन्तो गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. दोन मोठी दोन खिडक्यांशी, दोन छोटी मध्ये. गाडी एवढीशी, की चौथं पोतं आत गेल्यावर दार लावायला गुडघा टेकावा लागला.

मग तो मागे गेला. या गाडीचं इंजिन मागच्या झाकणाखाली असतं. गाडी चालू ठेवूनच त्याने वाकून कान लावला. आत बारीक टकटक होत होती. पावसाळाभर त्याने या इंजिनावर जीव टाकला होता. मेदेबेरच्या बाजारातल्या लेथवाल्याकडून सिलिंडरचं हेड मिलिमीटरभर घासून घेतलं, हवेच्या वाटा हाताने पॉलिश केल्या, सायलेन्सर नवा वळवून घेतला. अस्माराच्या विरळ हवेत गाडी गाणं म्हणत होती. पण अस्मारात जुळवलेली गाडी खाली गिंदाच्या दाट हवेत आणली की तिला ठसका लागतो, आणि हे माहीत असूनही दर वेळी विसरणारे अर्धे अस्मारात राहतात. परवा येताना तोही विसरला होता. आता त्याने ठिणगीचं टायमिंग केसभर मागे घेतलं. टकटक थांबली.

अब्रेहेत कॉफीचा तिसरा कप संपवून बाहेर आली. पहिल्या दोन कपांवर माहेरातून उठणं तिला कधी जमलं नव्हतं. अंगावरची पांढरी ओढणी, नेत्सेला, सावरत ती गाडीपाशी आली आणि मागच्या सीटकडे पाहत बराच वेळ उभी राहिली. मग पुढे बसली.

गाव मागे पडल्यावर ती म्हणाली,

"ते मधलं छोटं योनास का?"

"हं."

"पंधरा? काहीतरीच! खाऊन खाऊन अठरा किलोंचा झाला होता तो."

"पंधराचाच होता. शाळेच्या तपासणीच्या दाखल्यावर आहे."

"दाखल्यावर काय, मी उचलत होते त्याला."

तीन किलोंनी काही बिघडत नाही, असं तेवोल्देला म्हणायचं होतं. पण बिघडत होतं.

कारण सगळी भानगड त्या वजनाचीच होती. तीस वर्षांपूर्वी दर जत्रेला नवराबायको आणि चार पोरं अशी सहा माणसं याच गाडीतून गिंदाला यायची. येताना उतार, त्यामुळे राजासारखं. परतीच्या चढाला नेफासित गावाच्या वर एक वळण होतं, तिथे गाडीचा श्वास संपायचा. तेवोल्दे ओरडायचा, "उतरा!" अब्रेहेत आणि चारही पोरं उतरून डोंगरातल्या पायवाटेने सरळ वर निघायची आणि तो एकटा लांबचा वळसा घालून पहिल्या गियरमध्ये धापा टाकत वर पोहोचायचा. पोरं आधीच कठड्यावर पाय सोडून बसलेली असायची. त्याला पाहताच टाळ्या पिटत खिदळायची.

"बाबा, आम्ही कधीचे आलो!"

घरात त्या वळणाचं नावच 'उतरा' पडलं. पोरांचं हसणं त्याला झोंबायचं. बापाची गाडी पोरांच्या पायांपुढे हरते, हे काही बरं नव्हे. दर वर्षी तो काहीतरी नवं करायचा, एका वर्षी कार्ब्युरेटरला मोठं जेट, एका वर्षी वेगळे प्लग, आणि दर वर्षी त्याच ठिकाणी "उतरा!" म्हणायचा. मग लढाई आली, रस्ता बंद झाला. पोरांपैकी मूसी सोळाव्या वर्षी डोंगरात लढायला गेला आणि कायमचा तिथेच राहिला. बाकीचे तिघे एकेक करून देशाबाहेर गेले. रस्ता पुन्हा उघडला तेव्हा गाडीत दोघंच उरली होती, आणि दोघांना घेऊन चढण्यात कसली आली मर्दुमकी?

आता डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. लायसन्सची मुदत पुढच्या शुक्रवारी संपणार होती, त्यासाठी डॉक्टरांची सही पुन्हा मिळणार नव्हती. सहा जणांचं तेव्हाचं वजन घेऊन, कुणालाही न उतरवता ते वळण चढायचं, तर ते आजच.

नेफासितला त्याने चहासाठी गाडी थांबवली. चहा घेतला नाही. मागचं झाकण उघडून टायमिंग पुन्हा केसभर पुढे केलं.

"अब्रेहेत, पट्टा नीट लाव."

"या गाडीला पट्टा कधी होता?"

"मग घट्ट बस."

वळण आलं तेव्हा गाडी दुसऱ्या गियरमध्ये होती. डोंगराच्या पोटातून धुकं नुकतंच वर निघून गेलं होतं, रस्ता कोरडा होता. तेवोल्देने पेडल तळाला लावलं. ज्या दगडापाशी इंजिन नेहमी मान टाकायचं, तो दगड जवळ आला. त्याला शेजारी हालचाल जाणवली. अब्रेहेतचा हात आपोआप दाराच्या खिटीवर गेला होता. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

तो 'उतरा' म्हणाला नाही.

इंजिनाचा आवाज जाड झाला, गाडी थरथरली, पोती एकमेकांवर रेलली, आणि दगड मागे गेला. दुसरं वळण. तिसरं. दुसरा गियर सुटला नाही. शेवटच्या वळणावर तर वेगाची सुई किंचित वर सरकली, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वर कठड्याशी त्याने गाडी लावली, ब्रेक ओढला आणि दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून बसला. त्याला फार आनंद झाला होता.

"पाहिलंस?" शेवटी तो म्हणाला.

"पाहिलं."

कठड्यावर कुणी नव्हतं. मागे संत्र्यांचा वास सुटला होता. तेवोल्देचा आनंद जसा आला तसा ओसरू लागला, आणि त्याचं कारण त्याला नीट कळलंही.

अब्रेहेतने दार उघडलं.

"कुठे निघालीस?"

"खाली. वाटेनं. अर्ध्यापर्यंतच."

"गुडघे बघ आपले!"

"मग तू धर हात."

तेवोल्देने आयुष्यात त्या पायवाटेवर पाऊल ठेवलं नव्हतं. तो नेहमी चाकामागे. कोरफडीच्या बेटांमधून वाट खाली जात होती. ती त्याला टेकून, तो तिला टेकून, अशी दोघं उतरली. मध्यावर एक सपाट खडक होता. अब्रेहेत त्यावर बसली आणि तिने हनुवटीने खाली दाखवलं.

तिथून सगळा रस्ता दिसत होता. खालचं वळण, तो दगड, वरची दोन्ही वळणं, अगदी कठड्यापर्यंत.

"इथे थांबायचो आम्ही," ती म्हणाली. "तू शेवटचं वळण घेईपर्यंत मी एकालाही पुढे जाऊ द्यायची नाही. गाडी मागे घसरली तर? सेनाइत डोळे मिटून घ्यायची. योनास माझा पदर चावायचा. मूसी एकटा बघायचा आणि सांगायचा, पहिलं झालं, दुसरं झालं."

"पण तुम्ही तर आधीच वर असायचात."

"तिसरं झालं की मूसी म्हणायचा, पळा आता, नाहीतर बाबांना कळेल आपण घाबरलो होतो. आणि जी पळायची पोरं! तू खडखडत येईपर्यंत कठड्यावर हजर."

तेवोल्दे खाली पाहत राहिला. एक बस दगडापाशी गियर बदलत होती.

"आणि मग मला हसायची."

अब्रेहेतने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती एखाद्या पोराकडे पाहायची.

"तुला कुठे रे? तू पोहोचलास म्हणून हसायची."

तेवोल्देने मान वळवली. नाक ओढलं, धुक्याला एक शिवी दिली, वास्तविक धुकं केव्हाच गेलं होतं. अब्रेहेतने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो उठला.

"बस इथेच. हलू नकोस."

"कुठे चाललास?"

वाट चढून तो वर गेला, गाडी वळवली आणि रस्त्याने पुन्हा खाली उतरला, पार नेफासितच्या वरच्या पहिल्या चढापर्यंत. तिथे गाडी पुन्हा वळवली. पोती तशीच होती, छोटं मध्ये, मोठी खिडक्यांशी.

वळण आलं, दगड आला. इंजिन मघापेक्षा झकास ओढत होतं, अजून जोर मागत होतं. दगड ओलांडताना तेवोल्देने या रस्त्यावर पहिल्यांदाच समोरून नजर काढली आणि डोंगराकडे वर पाहिलं. खडकावर पांढरं काहीतरी उभं होतं. ते हलत होतं.

त्याने पेडलवरचा पाय हळूहळू सैल केला, गाडी पहिल्या गियरमध्ये आणली, आणि वरून तिला मोजता यावं असं एकेक वळण घेत, जितक्या सावकाश जाता येईल तितक्या सावकाश वर जाऊ लागला.