अंगठ्याला न लागलेल्या मिशा

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे आणि आता कोणाच्याच कामाची नाही. काठी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बांबू येईल, पण मी कारखान्यात जन्मले. काळ्या, पोकळ, हलक्याफुलक्या नळ्यांची मी. एका नळीत दुसरी खोचत गेलं की तळ्याच्या मध्यापर्यंत पोचते. माझ्या टोकाच्या नळीत रबराची बारीक दोरी असते. मासा ओढ घेतो तेव्हा ती ताणली जाते आणि त्याला दमवते.

मला विल्फ स्क्रिमशॉने घेतलं. विलायतेत लिंकनशरच्या साखर कारखान्यात त्याचा जन्म गेला. बायको वारल्यावर त्याला उरलं काय, तर शनिवार, मी आणि नॉरिस. नॉरिस कारखान्यातला जुना सोबती. दोघांचं प्रेम असं, की एकमेकांशी एक शब्द धड बोलायचे नाहीत.

"आलास का रे आंधळ्या? मासे घाबरून पळाले बघ," नॉरिस म्हणायचा.

"तुझं थोबाड बघून पळाले असतील. तिकडे तोंड करून बस," विल्फ म्हणायचा आणि अळ्यांचा डबा उघडायचा.

एका शेतकऱ्याने बीटाच्या शेतात तळी खणून मासे सोडले होते. पैसे भरायचे, पिशवीतून चिठ्ठी काढायची, निघेल त्या जागेवर बसायचं. धरलेले मासे पाण्यातल्या जाळीत जिवंत ठेवायचे आणि संध्याकाळी वजन करून परत सोडून द्यायचे. खायचं कोणी नाही! तुम्ही हसाल, पण त्या वजनासाठी ही माणसं आठवडाभर झोपेत बडबडायची.

शनिवारी चंदेरी माशांची स्पर्धा असायची. रोच, ब्रीम असले मासे धरायचे. दांडगट कार्प लागला तर लगेच सोडायचा, आणि जाळीत एक जरी कार्प निघाला तरी सगळं वजन बाद. पंचाईत अशी, की कार्पचं पिल्लू आणि क्रुशियन नावाचा मासा अगदी सख्खे भाऊ दिसतात, आणि क्रुशियन मात्र स्पर्धेत चालतो. फरक एवढाच, की कार्पच्या ओठांच्या कोपऱ्यांना इवल्या मिशा असतात. बाकीचे चष्मे लावून तोंडं बघत बसायचे. विल्फ बघायचाच नाही. ओठावरून अंगठा फिरवला की झालं. त्याचा अंगठा कधी चुकला नाही.

त्याचा हात कापायला लागला हे सगळ्यांत आधी मला कळलं. मुठीतली थरथर टोकापर्यंत येताना मोठी होते ना! त्याने माझी एक नळी कमी केली, मग आणखी एक. दूरचे मासे सोडून तो काठाजवळचे धरू लागला. लेक हेझेल फोनवर म्हणायची, "बाबा, घर विका आणि माझ्याकडे राहायला या."

"तळं सुटेल त्या दिवशी येईन," तो म्हणायचा. पण तिच्या गावी त्याचं कोण होतं? तळं सुटलं की संपलंच, हे त्याला ठाऊक होतं.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मासे काठाशीच आले. रोचवर रोच! विल्फ गुणगुणत होता. दुपारी मात्र एक ओढ वेगळी आली. रोच डोकं झटकतो, कार्प सरळ पळतो. हा पळाला. मला कळलं हो, पण काठीला तोंड कुठे असतं? विल्फने मासा हातात घेतला, ओठावरून अंगठा फिरवला आणि त्याला जाळीत टाकलं. त्याच्या अंगठ्याला आता काही कळत नव्हतं.

संध्याकाळी वजनाचा काटा नॉरिसकडे होता. त्याने विल्फचे मासे झोळीत ओतले, काट्याला अडकवले आणि झोळीत वाकून नीट पाहिलं. मग घाईघाईने वजन पुकारलं आणि झोळी पाण्यात उलटी केली.

"विल्फ पहिला!"

टाळ्या वाजल्या. विल्फ हसून नॉरिसकडे बघत उभा राहिला. आता येईल टोमणा, आता येईल. नॉरिसने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"छान धरलेस, विल्फ. फारच छान."

विल्फचं हसू मावळलं. लोक पांगल्यावर तो मला पुसता पुसता म्हणाला, "कार्प होता ना?"

"छे! कसला कार्प?"

"नॉरिस."

"...एकच होता रे. एवढासा. कोणाच्या लक्षात नाही आलं."

"तुझ्या आलं ना?"

"अरे, तुझा हात बघतोय ना मी... म्हटलं, राहू दे."

विल्फने फडकं खाली ठेवलं. "आंधळा म्हणायचास, गाढव म्हणायचास, तेव्हा मी घरी हसत जायचो. इस्टरला जिंकलो, तेव्हाही तूच होतास काट्यावर."

"ते खरं होतं! देवाशपथ खरं होतं, विल्फ!"

"असेल. पण आता मला कसं कळायचं?"



विल्फ तळ्याच्या मालकाच्या खोपटात गेला, स्वतःच्या तोंडाने कार्पचं सांगितलं आणि आपलं वजन बाद करून घेतलं. मला त्याने नॉरिसच्या गाडीत ठेवलं. महिनाभरात तो लेकीकडे गेला. नॉरिस फोन करतो. दोघं हवापाण्याचं बोलतात, अगदी धड, परक्या माणसांसारखं. फोन ठेवला की नॉरिस माझ्याजवळ येऊन बसतो, पण मला तळ्यावर नेत नाही. मला फार वाईट वाटतं त्याचं.

मित्रांनो, काठी वापरल्यावर पुसून ठेवा, नळ्यांत वाळू जाऊ देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण ज्याच्याशी जन्मभर भांडलात त्याचे हात उद्या कापू लागले, तर त्याची चूक त्याच्या तोंडावर सांगा. वर दोन शिव्या घाला. तेवढं त्याला सोसतं. माझ्या विल्फला दया सोसली नाही.